‘कुठला बॅटमॅन?’ : सुपरहिरोंच्या वादात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

रविवारी सकाळी मिसळ खाऊन झाली की नाशिकच्या गंगापूर रोडला एका चहाच्या टपरीशेजारी आम्ही आठ-दहा जण जमतो. विषय एकच, सुपरहिरो. कोणता चित्रपट येणार, कोणता बारगळला, खरा स्पायडरमॅन कोणाचा, सुपरमॅनचं नवं रूप पटलं की नाही. दर महिन्याला एखादा नवा चेहरा येतो. कधी कॉलेजची मुलगी, कधी नुकताच नोकरीला लागलेला मुलगा, कधी लेकरांपायी या नादाला लागलेली आई. पहिल्या रविवारी ते गप्प बसतात, दुसऱ्या रविवारी एकदम तावातावाने बोलतात, कोणीतरी त्यांना खोडून काढतं आणि तिसऱ्या रविवारी ते येत नाहीत. मला हे फार लागतं. त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबरच असतं. ते मांडायचं कसं, एवढंच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मलाही कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे क्रमाने लिहून ठेवते आहे.

सोबत काय लागेल

- एक शंभर पानी वही. मोबाइलमधल्या नोंदी ऐन वादात सापडत नाहीत.
- पेन आणि पेन्सिल, दोन्ही. का ते सहाव्या पायरीत येईल.
- तुमच्या आवडत्या पात्राचे तुम्ही स्वतः पाहिलेले चित्रपट. प्रत्येकापुढे वर्ष आणि नटाचं नाव.
- त्याच पात्राचं निदान एक कॉमिक, पूर्ण वाचलेलं. पाच-सहा अंक एकत्र बांधलेलं पुस्तक मिळालं तर उत्तम, कारण सुटा अंक बऱ्याचदा गोष्टीच्या मधूनच सुरू होतो. मित्राकडून आणलेलं किंवा रद्दीच्या दुकानातलं असलं तरी चालेल.

१. एकच पात्र धरा

सगळं विश्व समजून घेऊन मग बोलू, असं ठरवलंत तर कधीच बोलणार नाही. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात, जून १९३८ मध्ये, सुपरमॅन आला. तेव्हापासून हे लिखाण थांबलेलंच नाही. ज्याच्यासाठी तुम्ही पहिल्या दिवशी तिकीट काढता तो एक निवडा. बाकीचे त्याच्या मागोमाग येतात.

२. आधी रिव्हिजन विचारा

घाईत असाल तर बाकीचा लेख राहू द्या, पण ही पायरी वाचाच.

मी अंबडला एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्याकडे पार्ट मशीनवर चढवण्याआधी ऑपरेटर ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातली चौकट बघतो. तिथे पार्ट नंबरशेजारी एक छोटंसं अक्षर असतं, ए, बी किंवा सी. ते रिव्हिजन. पार्टचं नाव तेच, बघायला आकारही तोच, पण बीमध्ये एका भोकाचा व्यास थोडा वाढवलेला असतो. एकदा जुन्या रिव्हिजनवर अख्खा लॉट निघाला. मी स्वतः व्हर्नियर लावून पीस मोजले होते. हातातल्या कागदाप्रमाणे एकेक पीस तंतोतंत होता, आणि तरी सगळा लॉट रिजेक्ट झाला.

आमच्याकडची बहुतेक भांडणं त्या लॉटसारखी असतात. दोघंही आपापल्या कागदाप्रमाणे अचूक मोजत असतात, आणि कागद मात्र वेगवेगळे असतात.

बॅटमॅनचंच घ्या. ‘बॅटमॅन कधी कोणाचा जीव घेत नाही’ हे वाक्य दर दोन आठवड्यांनी कोणीतरी टाकतंच. क्रिस्टोफर नोलनच्या तीन चित्रपटांतला (२००५ ते २०१२) ख्रिश्चन बेल हा नियम उघड बोलून दाखवतो, आणि त्या नियमापायी त्याला काय काय सोसावं लागतं त्यावरच गोष्ट उभी आहे. २०१६ मध्ये आलेल्या बेन ॲफ्लेकच्या बॅटमॅनच्या हातून सरळ माणसं मरतात. १९८९ च्या मायकेल कीटनच्या हातूनही मरतात. आणि १९३९ मधली पहिलीवहिली गोष्ट उघडलीत, तर त्यात बॅटमॅनच्या ठोशाने गुन्हेगार आम्लाच्या टाकीत पडतो आणि बॅटमॅनला त्याचं जराही दुःख होत नाही. मग वाक्य खरं की खोटं? कुठला बॅटमॅन ते सांगितल्याशिवाय त्याला उत्तरच नाही.

हे मला कॅप्टन मार्व्हलने शिकवलं, आणि त्याची किंमत माझ्या मावसभावाने मोजली. २०१९ मध्ये मी त्याला पहिल्यांदा इथे घेऊन आले. ८ मार्चला ‘कॅप्टन मार्व्हल’ लागला होता. मी म्हटलं, कॅप्टन मार्व्हल म्हणजे कॅरल डॅनव्हर्स, हवाई दलातली पायलट. तो म्हणाला, ‘नाही ताई, कॅप्टन मार्व्हल म्हणजे लहान पोरगा, एक शब्द उच्चारला की वीज पडते आणि तो मोठा होतो.’ सगळे हसले. तो दोनदा सांगायला गेला, पण कोणी ऐकून घेतलं नाही. तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलं नाही. अर्धा चहा तसाच ठेवून तो उठून गेला.

घरी येऊन मी शोधायला बसले तेव्हा कळलं की तो एका अक्षरानेही चुकला नव्हता. १९४० मध्ये फॉसेट नावाच्या प्रकाशनाने बिली बॅटसन या मुलाची गोष्ट काढली. ‘शझॅम’ म्हटलं की त्याचा कॅप्टन मार्व्हल व्हायचा. त्या दशकात तो सुपरमॅनपेक्षाही जास्त खपायचा. हा आमच्या सुपरमॅनची नक्कल आहे, असं म्हणत सुपरमॅनच्या प्रकाशकांनी खटला भरला. तो वर्षानुवर्षं चालला आणि १९५३ मध्ये फॉसेटने आपले सुपरहिरो बंदच केले. नाव रिकामं पडलं. १९६७ मध्ये मार्व्हल कंपनीने ते उचललं आणि आपला वेगळाच कॅप्टन मार्व्हल आणला. १९७० च्या दशकात डीसीने, म्हणजे ज्यांनी खटला भरला होता त्यांनीच, जुन्या बिली बॅटसनला परत आणलं. तोपर्यंत मुखपृष्ठावर ते नाव छापण्याची सोय उरलेली नव्हती, म्हणून मासिकाचं नाव पडलं ‘शझॅम’. पुढे २०१२ च्या सुमारास पात्राचंच नाव शझॅम झालं. योगायोग असा की त्याच सुमारास, २०१२ मध्ये, कॅरल डॅनव्हर्सला कॅप्टन मार्व्हल ही पदवी मिळाली. त्याआधी ती मिस मार्व्हल होती. आणि ५ एप्रिल २०१९ ला, आमच्या भांडणानंतर थोड्याच दिवसांत, ‘शझॅम’ चित्रपट लागला. ज्या दोन पात्रांमध्ये एका नावावरून पन्नासेक वर्षांचा गुंता होता, ती दोन्ही महिन्याच्या आत पडद्यावर आली.

मी इंदिरानगरला त्याच्या घरी गेले आणि मावशीसमोर त्याची माफी मागितली. तेव्हापासून आमच्याकडे रीत पडली आहे. कोणी काही ठाम बोललं की पहिला प्रश्न, ‘रिव्हिजन?’ तुम्ही नवीन असलात तरी तो प्रश्न बेधडक विचारा. उत्तरात चार गोष्टी आल्या पाहिजेत: कॉमिक, चित्रपट की मालिका, साल कोणतं, लेखक किंवा दिग्दर्शक कोण, आणि चित्रपट असेल तर कोणती प्रत.

प्रत विचारणं महत्त्वाचं आहे. ‘जस्टिस लीग’ २०१७ मध्ये चित्रपटगृहांत आला. दिग्दर्शक झॅक स्नायडरच्या मुलीचं निधन झालं, तो मधूनच बाजूला झाला आणि काम दुसऱ्या दिग्दर्शकाने पूर्ण केलं. चाहत्यांनी पुढची काही वर्षं मागणी लावून धरली, आणि मार्च २०२१ मध्ये स्नायडरची चार तासांची प्रत आली. दोन्हींचं नाव ‘जस्टिस लीग’, पण सायबॉर्ग या पात्राला एकीत चिमूटभर जागा आहे आणि दुसरीत गोष्टीचं काळीजच तो आहे. ‘सायबॉर्गला न्याय मिळाला नाही’ म्हणणारा आणि ‘मिळाला’ म्हणणारा, दोघंही खरं बोलत असतात.

३. मूळ म्हणजे कॉमिक, असं गृहीत धरू नका

नवख्यांना गप्प बसवायला एक वाक्य नेहमी वापरलं जातं, ‘कॉमिकमध्ये असं नाहीये.’ घाबरू नका. या पात्रांच्या कितीतरी ठळक खुणा कॉमिकबाहेर जन्मल्या आहेत. १९३८ चा सुपरमॅन उडत नव्हता, लांब उड्या मारायचा. तो खरोखर उडायला लागला ते रेडिओ मालिका आणि १९४१ पासूनचे कार्टूनपट यांच्या काळात. त्याला लोळवणारा क्रिप्टोनाइट १९४३ मध्ये रेडिओवर आला आणि कॉमिकमध्ये पोचायला १९४९ उजाडलं. हार्ले क्विन तर १९९२ मध्ये बॅटमॅनच्या कार्टून मालिकेत आली, लोकांना आवडली, म्हणून मग कॉमिकमध्ये घेतली.

उलट दिशेचं उदाहरण मार्व्हलच्या थॅनोस या खलनायकाचं. १९९१ च्या कॉमिकमध्ये तो अर्धं विश्व संपवतो ते मृत्यूला, म्हणजे मृत्यू या स्त्रीरूपातल्या पात्राला, खूश करण्यासाठी. चित्रपटात त्याला लोकसंख्या आणि साधनं यांचा मेळ घालायचा असतो. मला कॉमिकमधलं कारण जास्त भयंकर वाटतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या दोघांना चित्रपटातलं पटतं, कारण त्या थॅनोसशी वाद घालता येतो. यातलं खोटं कोणतंच नाही.

आपण नाशिकचे, आपल्याला हे जड जायला नको. पंचवटीत सीतागुंफेपाशी येणाऱ्या प्रत्येकाला लक्ष्मणरेषा ठाऊक असते, पण वाल्मीकींच्या अरण्यकांडात ती रेषा नाही. ती मागाहून आली आणि लोकांच्या मनात अशी बसली की आज तिच्याशिवाय गोष्ट सांगताच येत नाही.

४. समांतर विश्वांचा हिशेब एका पानात बसवा

सगळे इथेच गडबडतात. एवढं पाठ असलं तरी पुरे:

१९४० मध्ये डीसीचा पहिला फ्लॅश आला, जे गॅरिक. १९५६ मध्ये नव्याने दुसरा आणला, बॅरी ॲलन. १९६१ च्या एका गोष्टीत दोघांची भेट घातली आणि खुलासा केला की जुना फ्लॅश दुसऱ्या पृथ्वीवर राहतो. पुढे पृथ्व्या वाढत गेल्या, हिशेब लागेना, म्हणून १९८५-८६ च्या मोठ्या मालिकेत सगळ्या मोडून एकच केली. २०११ मध्ये पुन्हा नवी मांडणी, ५२ मासिकं पहिल्या अंकापासून. डीसीच्या कोणत्याही गोष्टीबद्दल बोलताना ‘८६ च्या आधीची की नंतरची, २०११ च्या आधीची की नंतरची’ एवढं सांगितलंत तरी समोरचा सावध होतो.

मार्व्हलने एवढी मोडतोड केली नाही. त्यांची मुख्य कॉमिकची पृथ्वी म्हणजे ६१६. शेजारी २००० मध्ये ‘अल्टिमेट’ नावाचं वेगळं विश्व सुरू झालं. तिथला स्पायडरमॅन, म्हणजे पीटर पार्कर, मेल्यावर २०११ मध्ये त्याच्या जागी माइल्स मोरालेस आला.

सापळा: कॉमिकवाल्यांच्या जुन्या हिशेबात चित्रपटांच्या विश्वाचा क्रमांक १९९९९९ आहे. पण २०२२ च्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’मध्ये चित्रपटाच्याच विश्वाला ६१६ म्हटलं आहे. त्यामुळे नुसतं ‘६१६’ म्हणून थांबू नका. ‘कॉमिकचं ६१६’ किंवा ‘चित्रपटाचं’ असं म्हणा.

पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं ही हल्लीची पैशाची चटक आहे, असंही तुम्हाला ऐकायला मिळेल. तेव्हा आपल्या गावच्या दादासाहेब फाळक्यांची आठवण करून द्या. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढून ते मुंबईहून नाशिकला आले, आणि १९१७ मध्ये त्यांनी हरिश्चंद्र पुन्हा चित्रित केला. आज शिल्लक असलेली फिल्म १९१३ ची की १९१७ ची, यावर जाणकारांमध्ये वाद झाले आहेत. भारतातल्या पहिल्या कथाचित्रपटालाही रिव्हिजन विचारावंच लागतं.

५. हक्क कोणाकडे आहेत ते आधी बघा

‘यांनी हल्कचा वेगळा चित्रपट का नाही काढला?’ ‘एक्स-मेन आधीच ॲव्हेंजर्समध्ये का नव्हते?’ या प्रश्नांना गोष्टीत उत्तर शोधू नका. ते करारांत आहे.

१९९६ मध्ये मार्व्हल दिवाळखोरीत गेली. त्या काळात आणि त्याच्या आगेमागे तिने आपल्या पात्रांचे चित्रपटहक्क वेगवेगळ्या स्टुडिओंना दिले. स्पायडरमॅन सोनीकडे, एक्स-मेन आणि फँटॅस्टिक फोर फॉक्सकडे. हल्कच्या स्वतंत्र चित्रपटाच्या वितरणाचा हक्क युनिव्हर्सलकडे होता, म्हणून २००८ नंतर हल्क दिसला तो दुसऱ्यांच्या गोष्टींतच. मार्व्हलने स्वतःचा पहिला चित्रपट २००८ मध्ये काढला तो ‘आयर्न मॅन’, कारण ज्यांचे हक्क तेव्हा तिच्या हातात होते त्यांपैकी तो एक होता. ज्याला तेव्हा सामान्य प्रेक्षक ओळखतही नव्हता त्याच्या खांद्यावर पुढची सगळी इमारत उभी राहिली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे.

२००९ मध्ये डिस्नेने मार्व्हल घेतली. २०१५ मध्ये सोनीशी समझोता होऊन स्पायडरमॅन मार्व्हलच्या चित्रपटांच्या विश्वात आला. ऑगस्ट २०१९ मध्ये तो समझोता फिसकटला. आमच्याकडचा एक मुलगा तेव्हा खरोखर रडवेला झाला होता. सव्वा महिन्यात पुन्हा जुळलं. त्याच वर्षी मार्चमध्ये डिस्नेने फॉक्सचा चित्रपटाचा कारभार विकत घेतला होता, म्हणून एक्स-मेनचा रस्ता मोकळा झाला.

वहीत प्रत्येक पात्रापुढे ‘हक्क’ असा एक खण आखा. पुढे पडणाऱ्या अनेक ‘का’ची उत्तरं त्यात आयती सापडतील.

६. आराखडे पेन्सिलने लिहा

चित्रपट प्रदर्शित झाला की त्याची नोंद पेनाने, तोवर पेन्सिलने. वहीत चार खण करा: चर्चा, घोषणा, शूटिंग, प्रदर्शन. बातमी कानावर आली की ती यातल्या कोणत्या खणात बसते ते ठरवा, आणि मगच बोला. ‘कोणीतरी म्हणतंय’ म्हणजे चर्चा. स्टुडिओने स्वतः नाव आणि तारीख सांगितली तर घोषणा. हे दोन खण एकमेकांत मिसळले की वाद नासला म्हणून समजा.

घोषणेवरही भिस्त ठेवू नका. ऑक्टोबर २०१४ मध्ये वॉर्नर या स्टुडिओने डीसीच्या दहा चित्रपटांची यादी २०२० पर्यंतच्या वर्षांसकट जाहीर केली. तिच्यातला ‘शझॅम’ ठरल्याप्रमाणे २०१९ मध्ये आला. २०१८ चा ‘फ्लॅश’ २०२३ मध्ये आला. ‘सायबॉर्ग’, ‘ग्रीन लँटर्न’ आणि ‘जस्टिस लीग’चा दुसरा भाग आलेच नाहीत. त्याच महिन्यात मार्व्हलने ‘इनह्युमन्स’ जाहीर केला होता. त्याचा चित्रपट झाला नाही, २०१७ मध्ये मालिका आली.

शूटिंग झालं म्हणजे तरी पक्कं का? ‘बॅटगर्ल’चं चित्रीकरण पूर्ण झालं होतं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तो कायमचा बासनात गेला. शेकडो माणसांनी राबून केलेलं काम प्रेक्षकांना बघायलाच मिळालं नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं. ‘ब्लेड’ २०१९ मध्ये जाहीर झाला, एकामागून एक चार तारखा पडल्या आणि शेवटी नाव यादीतूनच निघालं.

माझ्या वहीतलं ‘ॲव्हेंजर्स’चं पान बघायला आलात तर दाखवीन. जुलै २०२२ मध्ये मी पेन्सिलने लिहिलं, ‘कांग डायनॅस्टी, २०२५’. मग ते पुढच्या वर्षावर गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये कांग या खलनायकाचं काम करणाऱ्या नटाला स्टुडिओने काढलं. जुलै २०२४ मध्ये नाव बदलून ‘डूम्सडे’ झालं आणि आयर्न मॅन केलेला रॉबर्ट डाउनी ज्युनियर त्यात डॉक्टर डूम म्हणून येणार असं सांगितलं. तारीख १ मे २०२६ लिहिली, ती खोडून १८ डिसेंबर २०२६ केली. खोडून खोडून त्या ओळीवरचा कागद इतका पातळ झालाय की मागच्या पानावरची अक्षरं दिसतात.

अविश्वासाचाही अतिरेक नको. ३१ जानेवारी २०२३ ला डीसीच्या चित्रपटांची सूत्रं हाती घेतलेल्या जेम्स गनने नवी यादी सांगितली तेव्हा सुपरमॅनची तारीख ११ जुलै २०२५ दिली होती. नाव थोडं आखूड झालं, पण तारीख पाळली गेली. त्याच वेळी त्याने हेही सांगितलं होतं की रॉबर्ट पॅटिन्सनचा बॅटमॅन या नव्या विश्वात धरायचा नाही, तो वेगळा चालू राहील. हे न ऐकल्यामुळे ‘डेव्हिड कोरेनस्वेटच्या सुपरमॅनला पॅटिन्सन कधी भेटणार’ यावर लोक अजूनही तासन्तास घालवतात.

७. मोठ्या माणसांना आणि आपल्या भाषेतल्या रूपांना जागा द्या

आमच्यात पंचवटीहून एक निवृत्त काका येतात. पहिल्या दिवशी त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जुना अंक काढला. पिना गंजलेल्या, कागद बिस्किटासारखा ठिसूळ. मराठीतलं इंद्रजाल कॉमिक्स, वेताळाचं. पान उलटताना ते बोटाऐवजी पोस्टकार्डाची कड वापरत होते.

१९३६ मध्ये ली फॉकने निर्माण केलेला फँटम आपल्याकडे १९६४ पासून इंद्रजालमधून आला आणि वेताळ झाला. मूळ गोष्टींतला देश बंगालच्या नावाशी फार मिळताजुळता होता, म्हणून इंद्रजालने त्याचं डेंकाली केलं. हेही रिव्हिजनच. काका म्हणाले, ‘पोरी, तुमचं ते माइल्स की काय, त्यावर एवढा वाद कशाला? आमचा वेताळ एकविसावा होता. बाप गेला की मुलगा मुखवटा घालायचा. मुखवटा घालणाऱ्याने शपथ पाळली की तो वेताळ.’ त्या दिवशी माइल्स खरा स्पायडरमॅन आहे की नाही, हा वाद आमच्यापुरता वेगळ्याच अंगाने सुरू झाला, आणि फार चांगला झाला.

पवित्र प्रभाकरचंही असंच. भारतीय स्पायडरमॅन म्हणून २००४ मध्ये कॉमिकमध्ये तो आला तेव्हा धोतर नेसायचा आणि त्याच्या गोष्टीत मीरा जैन होती. २०२३ च्या ॲनिमेशनपटात तो मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेल्या मुंबॅटनमध्ये राहतो आणि त्याची मैत्रीण गायत्री आहे. तो चित्रपट आपल्याकडे मराठीतही लागला होता. कोणी मराठी प्रत पाहून बोलत असेल तर त्याला कमी लेखू नका. संवादांचा विनोद भाषेनुसार बदलतो, तेव्हा त्याने पाहिलेली प्रत ही स्वतंत्र प्रत धरा.

८. पहिला रविवार

दहाच्या सुमारास या. आल्यावर नाव सांगा आणि तुमचं पात्र सांगा, बस. पहिला अर्धा तास ऐका आणि कोण कुठल्या रिव्हिजनबद्दल बोलतंय ते वहीत टिपत राहा. नंतर एकच मुद्दा मांडा, आणि सुरुवात रिव्हिजन सांगून करा: ‘२०२२ चा, पॅटिन्सनचा बॅटमॅन. माझं म्हणणं असं…’ एवढं ऐकलं की समोरचे नीट बसतात, हे मी कितीदा पाहिलंय.

नवा चित्रपट लागला की पुढचे दोन रविवार शेवट फोडायचा नाही. सगळ्यांना पहिल्या आठवड्याचं तिकीट परवडत नाही, आणि ज्यांची शिफ्ट असते त्यांना जमतही नाही. बोलायचंच असेल तर आधी मोठ्याने विचारा, ‘सगळ्यांनी पाहिलाय का?’ एकानेही मान हलवून नाही म्हटलं तर विषय बदला.

कोणी तुम्हाला ‘मग सांग, अमुक अंकात काय झालं?’ अशी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, तर उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. मुलींना हे जास्त विचारलं जातं, मलाही विचारलं गेलं आहे. ‘मी तो वाचलेला नाही, तुमच्याकडे असेल तर द्या’ म्हणा. खरा वाचणारा पुढच्या रविवारी अंक घेऊन येतो. उसना आणलेला अंक मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, चहाच्या ग्लासापासून लांब, आणि सांगितलेल्या दिवशी परत करा.

चहाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे. वही विसरलात तर कोरं पान मागून घ्या, आणि पेन्सिल माझ्याकडे नेहमी दोन असतात.